परक्या हातचे पाणी

महसूल खात्याच्या चाकरीत माझी छत्तीस वर्षे गेली आणि त्यांतली निम्मीअधिक लोकांच्या जबान्या लिहून घेण्यात गेली. बांधाची फिर्याद असो, वारसाची नोंद असो, की दुष्काळात वाटलेल्या तगाईची वसुली असो, समोरचा माणूस काय सांगतो यापेक्षा काय सांगायचे टाळतो तिकडे कान लावायचा, ही दफ्तराने लावलेली खोड सेवानिवृत्तीनंतरही सुटली नाही. आणि त्यामुळेच, ज्याची जबानी कोणीच घेऊ शकले नाही असा मराठी वाङ्मयाच्या इतिहासातला एक इसम गेली कित्येक वर्षे माझ्या मनात एखाद्या अनिर्णित प्रकरणासारखा पडून होता.

हा इसम युरोपियन होता. १८९३ च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावकडे जाणाऱ्या आगगाडीच्या ज्या डब्यात तो बसला होता, त्याच डब्यात तिशी ओलांडलेला एक चित्पावन ब्राह्मण कवी होता. संस्कृतात व्युत्पन्न, वक्तृत्वात वाकबगार, एका गावी आणि एका नोकरीत फार काळ न टिकणारा, आणि ज्यात जातिभेदाला व मूर्तिपूजेला थारा नाही असा एखादा नवाच धर्म आपण स्थापावा या कल्पनेने झपाटलेला. नारायण वामन टिळक ते हेच. बोलणे संस्कृत काव्याकडे वळले, काव्यावरून धर्माकडे गेले, आणि उतरण्यापूर्वी त्या सोबत्याने नव्या कराराची एक प्रत टिळकांच्या हाती ठेवून ती वाचण्याचे वचन घेतले. आपण दोन वर्षांच्या आत ख्रिस्ती व्हाल, असे भाकीतही त्याने केले. टिळक दिलेल्या शब्दाखातर पुस्तक वाचू लागले, पर्वतावरील प्रवचनाचे अध्याय आले तेथे थबकले, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. भाकिताची मुदत टळली नाही. पण ते करणाऱ्याचे नाव टिळकांनी विचारून ठेवले नव्हते.

पुस्तकानेच हे घडवले म्हणावे, तर तसली पुस्तके त्या काळी दुर्मीळ नव्हती. बाजाराच्या दिवशी चौकाचौकांत उभे राहून मिशनरी ती वाटीत आणि पुढे दुकानदार त्यांच्या पानांत हळद-हिंग बांधून देत. युक्तिवादाने घडवले म्हणावे, तर वादात टिळकांना हरवणे सोपे नव्हते आणि हरलेला शास्त्री मनाने अधिकच ताठर होतो हा सार्वत्रिक अनुभव आहे. राहता राहिले वागणे. ज्या काळात साहेब डब्यात आला की नेटिवाने आपले गाठोडे उचलून दुसरीकडे जावे अशी अपेक्षा असे, त्या काळात एका साहेबाने एका अपरिचित ब्राह्मणाशी काव्याच्या गोष्टी बरोबरीच्या नात्याने बोलाव्यात, त्याचे मत आस्थेने विचारावे आणि त्याच्या शब्दावर विश्वास टाकून निघून जावे, यात टिळकांसारख्या मानी मनुष्याला काही विलक्षण जाणवले असले पाहिजे. हा माझा तर्क आहे, पुरावा नाही. टिळकांना विचाराल तर ख्रिस्ताकडे आपण तुकोबांच्या पुलावरून आलो असे ते सांगत. आणि पुलावरून जाणाऱ्याला पहिल्या पायरीपाशी हात कोणी दिला होता, हे पलीकडे पोचल्यावर फारसे आठवत नाही.

तर गेल्या वर्षी चैत्राच्या नवरात्रात, कसलेही ठोस कारण नसताना, मी नागपुरास त्याच मार्गाच्या गाडीत जाऊन बसलो. राजनांदगावात मला काहीही सापडले नाही, हे आधीच सांगून टाकतो. सापडण्याजोगे काही नव्हतेच. कामठी, भंडारा रोड, तुमसर रोड, तिरोडा, गोंदिया, आमगाव, सालेकसा, दरेकसा आणि बोगद्यापलीकडे छत्तीसगड, असा हा सुमारे सव्वादोनशे किलोमीटरचा रस्ता. बंगाल-नागपूर रेल्वे कंपनीने तो रुंद रुळांचा करून १८९१ मध्ये आसनसोलपर्यंत नेऊन भिडवला होता, म्हणजे टिळक ज्या गाडीत बसले ती कलकत्त्याची वाट तेव्हा नवीकोरी होती. राजनांदगाव हे वैष्णव बैराग्यांचे संस्थान. गुरूमागून चेल्याने गादीवर बसावे अशी तिथली मूळ रीत. एका वैष्णव महंत-राजाच्या पदरी नोकरीस निघालेल्या माणसाच्या हाती वाटेत नवा करार पडावा, यातला विनोद त्या वेळी कोणाच्या ध्यानात आला होता की नाही, देव जाणे.

गाडीत चिक्कार गर्दी होती. डोंगरगडच्या बमलाई मातेला निघालेले यात्रेकरू, त्यांच्या लाल चुनऱ्या, नारळांच्या पिशव्या, कपाळभर कुंकू आणि खिडकीच्या गजाला बांधलेला एक झेंडा. साधारण डब्यात मी दारापाशी उभा होतो. एका पोराने न सांगता उठून मला जागा दिली आणि स्वतः खाली चपलांच्या ढिगाजवळ बसून मोबाइलमध्ये तोंड घातले. मी आभार मानले ते त्याच्या कानांत खोचलेल्या बोंड्यांपर्यंत पोचले नसावेत.

या मार्गाशी माझा जुना संबंध आहे आणि तो टिळकांमुळे जडलेला नाही. १९६८ च्या उन्हाळ्यात गोंदियाला मामेबहिणीचे लग्न होते. आई, मी आणि दोन ट्रंका. आईचे सोवळे कडक. प्रवासात ती घरून भरून नेलेल्या तांब्यातलेच पाणी पिई आणि ते संपले की स्टेशनच्या नळाखेरीज कुठलेही पाणी घेत नसे. तुमसर सोडल्यावर तांबा उपडा झाला, मधल्या एका सिग्नलपाशी गाडी दीडेक तास उभी राहिली, आणि मे महिन्यातल्या त्या तापलेल्या पत्र्याच्या डब्यात आई बसल्या जागी एका अंगावर कलंडली. मी अठरा वर्षांचा आणि पुरता गोंधळलेला. समोरच्या बाकाखाली तेंदूच्या पानांचे गाठोडे ठेवून एक बाई बसली होती. बिडीच्या कारखान्यात पाने पोचवणारी असावी. ती उठली, आईचे डोके तिने स्वतःच्या मांडीवर घेतले, पदर भिजवून कपाळावर ठेवला आणि पोचे पडलेल्या जर्मनच्या लोट्यातले पाणी तिच्या ओठांना लावले. आई ते घटाघट प्यायली. डोळे उघडून तिने आधी लोट्याकडे पाहिले, मग त्या बाईकडे, आणि पुन्हा प्यायली. त्या बाईच्या बोटांची अग्रे तंबाखूने पिवळी पडलेली होती, एवढे मला आजही स्वच्छ दिसते. तिरोड्याला ती गाठोडे डोक्यावर घेऊन उतरून गेली.

लग्न झाले, घरी परतलो. आईने स्नान केले, तुळशीला पाणी घातले आणि वडिलांना विचारले, “अहो, याला काही प्रायश्चित्त असतं का?” वडील शाळामास्तर, ते म्हणाले, “असतं ना, पण आधी पाप कुठलं ते ठरवावं लागेल. प्यायलीस ते, की मेली नाहीस ते?” आई त्यांच्याशी दोन दिवस बोलली नाही. पुढच्या एकादशीला तिने निर्जळ उपास धरला. एरवी ती फराळाची एकादशी करी, ही कोरडी. तो उपास प्रायश्चित्ताचा होता की त्या बाईच्या नावाचा, हे मी पंधरा-वीस वर्षांनी धीर करून विचारले, तेव्हा ती तांदूळ निवडता निवडता म्हणाली, “तुला काय करायचंय?” आणि मग जरा थांबून, “तिची जात विचारायला वेळच मिळाला नाही रे.” ते ती हळहळून म्हणाली की समाधानाने, याचा निकाल मला अजून लावता आलेला नाही. त्यानंतर घरात एवढेच बदलले, की अंगणातल्या रांजणावर वाटसरूंसाठी जे वेगळे टिनपाट ठेवलेले असे ते कुठेसे गेले आणि त्या जागी घरातले पितळी फुलपात्र आले. पूजा होती तशीच चालू राहिली.

आपल्याकडे धर्म शतकानुशतके पाण्यात आणि अन्नात मुक्कामाला होता, हे लक्षात घेतल्यावाचून परक्याच्या लहानशा उपकाराचे वजन कळणार नाही. इतर देशांत तहानलेल्याला कोणी पाणी दिले तर देणाऱ्याच्या पुण्याची चर्चा होते. इथे चर्चा घेणाऱ्याची व्हायची. देणाऱ्याला काही सोडावे लागत नसे, घेणाऱ्याला कधी कधी जन्माची जात सोडावी लागे. पुण्यात १४ ऑक्टोबर १८९० रोजी पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानानंतर पाहुण्यांपुढे चहा आला. काहींनी तो प्यायला, काहींनी नुसता पुढे घेतला. पाहुण्यांत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते, गोखले होते. त्यांची नावे ‘पुणे वैभवा’त छापून आली, फिर्याद शंकराचार्यांपर्यंत गेली, चौकशीला शास्त्री नेमले गेले, कैफियती झाल्या, आणि त्या पेलाभर चहाचे प्रकरण दोन वर्षे गाजत राहिले, आपण काशीत प्रायश्चित्त घेतले आहे असे लोकमान्यांना सांगावे लागले, आणि रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले तेव्हा त्यांचे सुधारक स्नेहीच त्यांच्यावर अधिक रुष्ट झाले. मिशनरी मंडळींनी चहा पाजला तो केवळ आतिथ्यधर्म म्हणून, असे मानायला मी तयार आहे. पण एवढ्या मोठ्या माणसांच्या श्रद्धेची परीक्षा त्या कपबशीने घेतली, आणि परीक्षेत कोण उतरले हे आजही ठरलेले नाही.

ही नावे वर्तमानपत्रापर्यंत पोचवणारे गृहस्थ म्हणजे गोपाळराव जोशी, डॉक्टर आनंदीबाईंचे पती. खोडसाळ, तऱ्हेवाईक, कोणत्याही पंथाला आपला न वाटणारा हा मनुष्य. पण त्याच्या हातून दशकभर आधी दुसरीही एक उचापत घडली होती. पत्नीला शिकवण्याची सोय अमेरिकेत होईल काय, असे विचारणारे एक पत्र त्यांनी कोल्हापुरास असताना एका अमेरिकन मिशनऱ्याला धाडले होते. ख्रिस्ती व्हाल तर पाहू, अशा आशयाच्या उत्तरासह ते पत्र तिकडच्या एका धार्मिक नियतकालिकात छापून आले. न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या गृहिणीने ते दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत असताना वाचले म्हणतात. बाईंना हिंदुस्थानची माहिती नव्हती, ओळख नव्हती, गरज तर नव्हतीच. त्यांनी पत्र लिहिले. पुढची सारी कथा मराठी वाचकाला पाठ आहे. मला त्यातली एकच बाब इथे नोंदवायची आहे. जे मिशनऱ्याने मागितले ते कार्पेंटरबाईंनी मागितले नाही. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या, १८८३ मध्ये त्यांच्या घरी उतरल्या, लुगडे नेसून आणि शाकाहार सांभाळून राहिल्या, आणि निघण्यापूर्वी बंगालमधील श्रीरामपूरच्या सभेत सांगितल्याप्रमाणे हिंदू म्हणून गेल्या तशाच हिंदू म्हणून परतल्या. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचा अंत झाला. रक्षा सातासमुद्रापार कार्पेंटरबाईंकडे पाठवण्यात आली आणि पोकीप्सी येथील त्यांच्या कुटुंबाच्या दफनभूमीत ती ठेवली गेली. परक्या बाईच्या ममतेने आनंदीबाईंची श्रद्धा बदलली नाही, उलट ती त्यांना सोडावी लागली नाही. हाही परिणामच म्हटला पाहिजे, आणि धर्मांतरांच्या गणतीत तो कुठेच मांडला जात नाही.

गोंदियाला गाडी वीसेक मिनिटे थांबली. समोसे, चहा, पाण्याच्या बाटल्या आणि काकड्या असा सगळा बाजार खिडकीशी आला. माझ्याशेजारी एक चाळिशीचा गवंडी बसला होता; राजनांदगावच्या पलीकडचा, नागपुरात कामाला. मी टिळकांबद्दल काही बोललो नाही, डोंगरगडला चढणार का एवढेच विचारले. तो म्हणाला, “नाही, मी खालीच असतो. चपला सांभाळायला.” मग थोडे थोडे करून त्याने जे सांगितले ते मी जबानीच्या सवयीने मनात उतरवून घेतले. २०२० च्या टाळेबंदीत काम थांबले, मालकाने हात वर केले आणि मे महिन्यात बायको, एक मूल आणि एक पोते घेऊन तो महामार्गाने चालत निघाला. साकोलीच्या पुढे त्याच्या चपलेचा अंगठा तुटला. सुतळी बांधली, ती तुटली. पोत्याचा तुकडा गुंडाळला, तो डांबराला चिकटू लागला. त्या दोन दिवसांत, तो म्हणाला, मी मातेला इतक्या शिव्या दिल्या की बायकोने मुलाचे कान झाकले. देवरीच्या अलीकडे एक माणूस स्कूटर थांबवून रस्त्याच्या कडेला उभा होता, पुढ्यात गोणी, तोंडाला रुमाल. त्याने पायांकडे पाहिले, गोणीत हात घातला आणि एक जोड काढून दिला. घाईत दिला असावा; एक आठ नंबरची होती, एक नऊची. “तोंड दिसलं नाही,” गवंडी म्हणाला, “रुमाल होता ना. आता रस्त्यात कोणीही भेटला तरी वाटतं, हाच असेल.”

दर नवरात्रात पूर्वी तो हजारांहून अधिक पायऱ्या चढून नवस फेडायचा. आता चढत नाही. पायथ्याशी एका ओळखीच्याच्या दुकानासमोर गोणपाट टाकून यात्रेकरूंच्या चपला फुकट राखतो, दोन दिवस, रजा टाकून. मी विचारले, “मग दर्शन?” तो म्हणाला, “वर माता आहे हे मला ठाऊक आहे. खाली चपला कोणी बघायच्या?” याला श्रद्धा परत येणे म्हणावे की दुसरीच एखादी वस्तू, हे ठरवायला मी काही धर्मशास्त्री नाही.

उपकाराने श्रद्धा जागते असा सोपा नियम असता, तर पंडिता रमाबाईंचे चरित्र वेगळे झाले असते. १८७४ पासूनच्या दुष्काळात अनंतशास्त्री डोंगरे यांचे हे विद्वान, तीर्थे हिंडणारे कुटुंब अन्नान्न करीत झिजत गेले. पुराणे सांगावीत पण अंगमेहनतीची मजुरी करू नये, हे वळण त्यांना मोडता आले नाही. वडील गेले. मग आई अंथरुणाला खिळली आणि तिने बाजरीच्या भाकरीचा तुकडा मागितला. तरुण रमा शेजारच्या घरी गेली, पण भीक मागण्याची जिभेला सवय नव्हती. दाराशी उभे राहून रडू कोसळले आणि शब्द फुटेना. त्या घरच्या बाईने मायेने विचारपूस करून भाकरी दिली. ती घेऊन परत येईतो आईची शुद्ध गेलेली होती. भाकरी तशीच राहिली. आईला खांदा द्यायला दोन ब्राह्मण कसेबसे मिळाले, तिसरा भाऊ श्रीनिवास, आणि चौथी रमा. उंचीने कमी, म्हणून तिरडीचा दांडा तिने खांद्याऐवजी डोक्यावर घेतला. पुढे बहीणभावांनी चार हजार मैलांची पायपीट केली. झेलमच्या काठी थंडीत पांघरूण नव्हते म्हणून वाळूत दोन खड्डे खणून, गळ्यापर्यंत वाळू ओढून घेऊन ती दोघे झोपली. त्या भाकरीवाल्या बाईने आणि त्या दोन खांदेकऱ्यांनी रमाबाईंचा स्वधर्मावरचा विश्वास धरून ठेवला नाही. धरून ठेवण्याजोगे त्यांनी काही कमी केले होते असेही नाही. फक्त ते उशिरा पोचले, आणि ज्या व्रतांवर, दानांवर आणि पुरश्चरणांवर घरातले सर्व द्रव्य खर्ची पडले होते, ती त्याही आधीच निष्फळ ठरलेली होती.

१८८३ मध्ये इंग्लंडला गेल्यावर वाँटेजच्या ख्रिस्ती मठातील भगिनींनी रमाबाईंना लंडनच्या फुलहॅम भागातील आपले एक आश्रयगृह दाखवले. समाजाने पतित ठरवलेल्या स्त्रियांना तिथे ज्या रीतीने वागवले जाई ती पाहून त्या चकित झाल्या, आणि तसे वागण्याचे कारण विचारल्यावर त्यांना बायबलमधील, विहिरीवर पाणी भरायला आलेल्या शोमरोनी स्त्रीची गोष्ट सांगण्यात आली. म्हणजे इथेही पाणीच. आणि तेही ज्या जमातीच्या हातचे यहुद्यांनी घेऊ नये तिच्या हातचे, येशूने आपण होऊन मागितलेले. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. यात एक बारकावा आहे, आणि तो मला सर्वांत मोलाचा वाटतो: फुलहॅममध्ये जे चांगुलपण होते ते रमाबाईंच्या वाट्याला आलेले नव्हते. ते दुसऱ्या कुणाच्या वाट्याला येताना त्यांनी पाहिले. स्वतःला मिळालेल्या भाकरीने जे झाले नाही ते परक्यांना परक्यांकडून मिळालेल्या सन्मानाने झाले.

इथे एक आक्षेप घेतला जातो आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. दुष्काळात मिशनांनी अन्न दिले आणि त्यामागून नावे बदलली, तेव्हा ती भूतदया होती की सौदा? १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई स्वतः मध्य प्रांतात फिरल्या आणि सुमारे ३०० मुली बरोबर घेऊन आल्या. केडगावच्या मुक्तिसदनाचा विस्तार त्यातून झाला. पुण्याच्या पत्रांनी त्यांच्यावर आधीच त्यांच्या शारदासदन या मुलींच्या शाळेच्या प्रकरणात कठोर टीका केली होती, आणि त्या टीकेतला प्रत्येक शब्द द्वेषातून आला होता असे मी म्हणणार नाही; पोटात अन्न नसलेल्या पोरीला प्रार्थनेत निवड कितपत राहते, हा प्रश्न रास्त होता. तगाईच्या कागदांवर अंगठे घेत ज्याचे आयुष्य गेले त्याला हे पक्के ठाऊक असते, की भुकेल्याच्या अंगठ्याला संमती म्हणणे हे दफ्तराच्या सोयीचे असते. पण त्याच वेळी हेही खरे, की जी मुलगी एकदा भाकरीसाठी दुसऱ्याच्या दाराशी मुकी उभी राहिली होती तीच त्या दुष्काळात बैलगाड्यांनी, आगगाड्यांनी हिंडत होती, आणि टीका करणारे पुण्यात होते.

आणि एक हिशेब तर कोणीच मांडत नाही. आगगाडीतल्या त्या अनामिक गृहस्थाच्या सौजन्याची किंमत कोणी चुकती केली? टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी. नवरा ख्रिस्ती झाल्याची बातमी आली तेव्हा त्यांच्या पदरी लहान मूल होते. नातेवाइकांच्या आधाराने, पंढरपुरासारख्या क्षेत्री, सोवळे सांभाळीत आणि अश्रू गाळीत त्यांनी विरहाची वर्षे काढली. पुढे त्या टिळकांकडे परतल्या, कितीतरी दिवस आपले पाणी आणि आपली चूल वेगळी ठेवून राहिल्या, आणि १९०० साली, कुणाच्या दबावाने नव्हे तर स्वतःच्या विचाराच्या गतीने, त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. त्यांचे ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मकथन वाचताना हसू आवरत नाही, इतका तो विनोद निर्मळ आहे. पण त्या हास्याच्या खाली जे गाडलेले आहे ते त्या गोऱ्या सोबत्याला कळले असते, तर पुस्तक देताना त्याचा हात क्षणभर अडला असता काय? मला वाटते, अडायला हवा होता. आणि तरीही त्याने द्यावे असेही वाटते. या दोन वाटण्यांची तडजोड मला जमलेली नाही.

सालेकसा गेले. दरेकसाच्या बोगद्यात गाडी शिरली तशी डब्यात एकदम ‘जय माता दी’चा गजर झाला, पोरांनी अंधारात शिट्ट्या मारून घेतल्या, आणि उजेड आला तेव्हा समोर बसलेल्या एका म्हातारीने माझ्यापुढे वर्तमानपत्राचा पुडा धरला होता. आत ठेठरी होती; बेसनाची, मोडून वळलेली, मिठाला जरा पुढे. ती पोटापाण्यापुरते हिंदी आणि बाकी छत्तीसगढी बोलत होती. मी एक तुकडा घेतला. तिने मान हलवली, आणखी घे. मी घेतला. आईची आठवण होऊन मी तिच्या बोटांकडे पाहिले. नखांत मेंदीचा जुना रंग होता.

डोंगरगडाचा डोंगर दिसू लागला, तशी उतरणाऱ्यांची लगबग सुरू झाली. गवंड्याने गोणपाटाची गुंडाळी बगलेत मारली. म्हातारीने मला विचारले, “नइ चढस, बाबू?” मी मान हलवली. देवीशी माझे भांडण नाही, पण जाणे-येणेही नाही, हे तिला कोणत्या भाषेत सांगणार? गुडघ्यांवर हात ठेवून दाखवला. तिने स्वतःच्या गुडघ्यांवर थाप मारली आणि हसली. तिचे माझ्याहून जुने होते. मग पिशवीतला एक नारळ काढून, हा तुझ्या नावाने वाढवते, नाव सांग, असे ती म्हणाली. मी पैसे काढू लागलो तर तिने माझा हात खिशापाशीच धरला.

गाडी थांबत आली होती, मागून लोटालोट चालली होती, आणि मला स्वतःचे नाव सांगवेना. मी आईचे सांगितले. तिला जाऊन तेवीस वर्षे झाली आहेत. म्हातारीने ते दोनदा घोकले. पहिल्यांदा बरोबर, दुसऱ्यांदा एक अक्षर चुकून. दुरुस्त करून देईपर्यंत ती गवंड्याचा हात धरून फलाटावर उतरली होती, आणि खिडकीतून मला एवढेच दिसले, की चपला काढून हातात घेऊन ती त्याच्या मागोमाग चालू लागली आहे आणि तिचे ओठ अजून हलत आहेत.